एकाहत्तर गुण

ओरोंझो डॉक्टरने माझ्या वाईनला शंभरातले एकाहत्तर गुण दिले, आणि त्या माणसाचे उपकार मी जन्मभर मानणार आहे. बाकी चौघांपैकी ब्याण्णवच्या खाली कुणी उतरलं नाही. त्या चौघांवरही माझा जीव आहे, पण उपकार म्हणाल तर एकाहत्तरवाल्याचे. हे आज शांतपणे लिहिते आहे. त्या दिवशी मला त्याचा गळा धरावासा वाटत होता.

आमचं गाव मिलानोच्या उत्तरेला, वाल्तेल्लिनाच्या खोऱ्यात, डोंगराच्या उन्हाच्या अंगाला. इथे मळा म्हणजे पायऱ्या. एकेक पायरी दगडांच्या गडग्यावर तोललेली, चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. गडगा ढासळला की वरची पायरी खालचीच्या डोक्यावर. पावसाने वाहून आणलेली माती आम्ही डालग्यात भरून पाठीवरून परत वर नेऊन टाकतो. शहरातले लोक येऊन याचे फोटो काढतात आणि 'किती सुंदर' म्हणतात. सुंदर! एकदा डालगं पाठीवर घ्या म्हणावं, मग बोला.

बाबा गेल्यावर सगळ्यात वरचा मळा, क्रापेल, माझ्या वाट्याला आला. म्हणजे वाट्याला असा नाही. भाऊ ओत्ताव्हियो झ्युरिकला बस चालवतो, त्याला तो नको होता. फोनवर म्हणाला, "एर्सिलिया, बावन्न वर्षांची बाई तू, एकटी. देऊन टाक तो मळा डोंगराला परत."

"डोंगराने मागितलाय का?" मी विचारलं.

"गडगे पाडून मागतोच आहे ना."

त्याचं हे म्हणणं खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. त्या हिवाळ्यात क्रापेलचा मधला गडगा तीन जागी फुटला होता आणि चौथ्या जागी त्याला पोट आलं होतं. गर्भार बाईसारखा फुगलेला गडगा बघितला की आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणखी एक मोठा पाऊस, की पन्नास वर्षांच्या वेली दगडांसकट खाली.

एकटीने तो गडगा उभा राहणार नव्हता. गाव मात्र उभा करू शकत होतं. आमच्या सहकारी संस्थेची रीत आहे: दर वसंतात सगळ्या घरांतून एकेक माणूस येतो आणि सगळे मिळून एका मळ्याचे गडगे बांधून काढतात. एकाच मळ्याचे, कारण हात तेवढेच उरलेत; तरुण पोरं सगळी सीमेपलीकडे कामाला. कोणाचा मळा यावरून पूर्वी डोकी फुटली होती, तेव्हा जुन्या लोकांनी ठरवून टाकलं, ज्याची वाईन त्या वर्षी पहिली येईल त्याचा. जी जमीन चांगलं देते ती आधी सावरायची. आणि तीच पहिली वाईन गावाचं नाव लावून मिलानोला मोठ्या परीक्षेला जाते.

म्हणजे मला काय हवं होतं ते उघड आहे. पहिली यायचं होतं. दुसरी येऊन उपयोग नव्हता.

परीक्षा संस्थेच्या तळघरात असते. बाटल्यांना लोकरीचे मोजे घालतात, मानेपर्यंत, म्हणजे बाटली कोणाची ते कळू नये. मोजे डेल्फिना मावशी विणते. ती ऐंशीच्या पुढची, उन्हाळाभर वर कुरणात राहून चीज करत आलेली, आणि परीक्षकही. पाच परीक्षक टेबलाशी बसतात, प्रत्येकापुढे छपराच्या काळ्या दगडाची एकेक पाटी आणि खडू. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा, पाटीवर आकडा लिहायचा आणि फेदेलेकाकांनी टेबलावर हात मारला की पाचही पाट्या एकदम उलट्या करायच्या. परीक्षकांच्याही बाटल्या त्यात असतात, पण कुठल्या मोज्यात ते त्यांनाही ठाऊक नसतं; बाकी ज्यांची वाईन आहे ते मागे बाकावर बसतात. त्यांनी तोंड उघडलं की त्यांची वाईन बाद. माझ्यासारखीला ही शिक्षाच.

फेदेलेकाका संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या उजवीकडे प्रीमो आणि सिल्वानो, सख्खे भाऊ, जे एका कुंपणावरून वीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत आणि तरी गुण सारखेच देतात. डावीकडे डेल्फिना मावशी. आणि टोकाला ओरोंझो डॉक्टर. दातांचा. हा दक्षिणेचा, लेच्चेचा. तीस वर्षांपूर्वी खोऱ्यात दवाखाना घालायला आला आणि आमच्या नोएमीशी लग्न करून राहिला. नोएमी माझ्या वर्गातली. गावातल्या प्रत्येकाच्या तोंडात या माणसाने हात घातलेला आहे, त्यामुळे त्याला पूर्ण माफ असं कुणीच केलेलं नाही.

हिरव्या मोज्यातली बाटली माझी होती. ओतली तेव्हा पेल्यात ती वीटकरी लाल दिसली, काठाला जराशी नारिंगी, आमच्या कियावेन्नास्का द्राक्षाची दिसते तशी. प्रीमोने घोट घेतला आणि थुंकायचं विसरला. गिळला. सिल्वानोने भावाकडे बघितलं, बघायचं नसतं हे विसरून. फेदेलेकाकांनी डोळे मिटले.

"हे..." डेल्फिना मावशी म्हणाली. मग तिने पुन्हा नाक पेल्यात घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही. "हे आपलं आहे. हे कुठूनही आलेलं नाही. हे इथलं आहे."

"मावशी, पाट्या उलटायच्या आधी बोलायचं नाही," फेदेलेकाका म्हणाले, पण त्यांचंही नाक पेल्यातच होतं.

हात टेबलावर पडला. पाट्या उलटल्या. चौऱ्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव, पंच्याण्णव. एकाहत्तर.

तळघरात कुणीतरी हसलं.

"डॉक्टर," मावशी म्हणाली, "वाईन हुंगलीत की मोजा?"

"मोजा स्वच्छ होता, मावशी. वाईनला धुराचा वास येतोय."

"धुराचा?" प्रीमोने पेला दिव्यासमोर धरला. "कुठाय धूर? मला तर दिसत नाही."

"दिसायला नाही, नाकाला. यात कुणीतरी धुरी दिलेला हॅम टांगला होता. पहिल्या घोटाला बरं वाटतं, मग घशात राखच राहते. द्राक्ष कुठे गेलं? द्राक्ष सापडत नाही मला."

"तुमच्या दक्षिणेत वाईनमध्ये काय घालतात?" सिल्वानो म्हणाला. "समुद्राचं पाणी?"

"आमच्या दक्षिणेत वाईनमध्ये द्राक्षं घालतात. चमत्कारिक रीत आहे, मान्य."

मी बाकावर बसून दोन्ही हातांनी बाकाची कड धरून ठेवली होती. बोलता येत नव्हतं. बोलले असते तर बाद.

शेवटी मोजे काढले. हिरवा मोजा पहिला आला होता; बाकी सगळे खूप मागे, फक्त एक घर दीड-दोन गुणांनी मागे. ते घर डॉक्टरचं. त्याचा आणि नोएमीचा मळा बरोबर माझ्या खाली लागून आहे. स्वतःची वाईन आहे हे न कळता त्याने तिला चौऱ्याऐंशी दिले होते. पण ते कोण बघतो?

"हां," प्रीमो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता कळलं धूर कुठून निघतोय ते."

लोक हसले. माझ्या पाठीवर थापा पडल्या. फेदेलेकाकांनी माझे दोन्ही गाल ओढले. "तुझा बाप आज असता! क्रापेलचे गडगे उभे राहिले म्हणून समज, पोरी." मी रडले. मी सहसा रडत नाही, पण रडले. आणि रडतानाच तो आकडा मला खुपत होता. सगळं गाव माझ्या बाजूने होतं, गडगे मिळाले होते, तरी एकाहत्तर. एखाद्या शहाण्या बाईने तिथेच सोडून दिलं असतं.

मी दुपारी डॉक्टरच्या दारात होते.

नोएमीने दार उघडलं. तिच्या हाताला कुट्टूचं पीठ लागलं होतं. "भांडायला आलीस ना? ये. आम्ही जेवायचे थांबलोय, म्हटलं आधी भांडण होऊ दे."

डॉक्टर टेबलाशी बसला होता. मी उभ्या उभ्याच सुरू केलं. "तुम्हाला क्रापेल पडलेला बघायचाय का? वरून माती खाली आली की फुकटात तुमच्या मळ्यात, तेच ना?"

"तुझा गडगा पडला तर माझ्या वेलींवर पडेल, एर्सिलिया," तो म्हणाला. "मला त्यात फायदा कसा ते तू सांग, मी लिहून घेतो."

"मग एकाहत्तर का?"

"कारण बहात्तर जास्त झाले असते."

नोएमी चुलीकडे तोंड करून हसली. मला तिचाही राग आला.

"चौघांना आवडली. चौघं मूर्ख?"

"चौघं इथले," तो म्हणाला. "बस आधी. द्राक्षं कुठे सुकवलीस?"

आता हे सांगायला हवं. आमची ही वाईन तोडल्या तोडल्या पिळत नाहीत. घड माळ्यावर काठ्यांच्या ताट्यांवर पसरतात, थंडीभर सुकू देतात, आणि निम्मे सुरकुतले की मग पिळतात. त्याने ती दाट होते, कडक होते. पण त्या वर्षी माझ्या माळ्याचं छप्पर बर्फाने बसलं होतं आणि दुरुस्तीला माणूस मिळाला नव्हता.

"खोपीत," मी म्हटलं. "रानातल्या आमच्या खोपीत. वारा चांगला लागतो तिथे. ताट्या आयत्या होत्या."

"कसली खोप?"

"चेस्टनट सुकवायची."

नोएमी वळली. तिच्या हातातून पीठ जमिनीवर पडत होतं.

चेस्टनटची खोप आमच्यात प्रत्येक जुन्या घराची असते. खाली मंद आच, वर ताट्यांवर चेस्टनट, आठवडेच्या आठवडे धूर. त्या धुरात सुकलेल्या चेस्टनटवर आमचे आजे हिवाळे काढत.

"पण आई गेल्यापासून तिथे चूल पेटलेली नाही!" मी म्हटलं. "मी ताट्या घासल्या, दोनदा. थंडगार खोप. धूर येणार कुठून?"

"भिंती घासल्यास?" डॉक्टरने विचारलं. "वासे घासलेस? शंभर वर्षांची काजळी आहे ती. धुक्याच्या दिवसात ती वास सोडत असणार, आणि खाली तुझी द्राक्षं तोंड उघडून पडलेली."

"मला तर नाही आला वास."

"तुला कसा येईल?"

नोएमीने माझ्याच बाटलीतली वाईन पेल्यात ओतली. परीक्षेनंतर प्रत्येक परीक्षकाला उरलेली बाटली मिळते, ती. तिने घोट घेतला आणि तिचा चेहरा असा विरघळला की मला लाज वाटली. "ओरोंझो, मला ही फार आवडते," ती म्हणाली. "काय करू? माझ्या आजीच्या ओढणीला हा वास होता."

"बघा!" मी ओरडले.

डॉक्टर उठला आणि आतल्या खोलीत गेला. परत आला तेव्हा हातात एक तपकिरी कुपी होती, घट्ट बुचाची. "दवाखाना बंद केला तेव्हा ही टाकून द्यायची राहिली. तुझ्या खालच्या दाढेत हेच भरलं होतं मी. लाकडाच्या डांबरापासून करायचे हे औषध, धुराच्या अर्कासारखंच. नाक लाव. लांबून."

मी नाक लावलं. उग्र, जळका, औषधी वास. डोळ्यांत पाणी आलं. दवाखान्यातली खुर्ची आठवली, त्याच्या टकलावर पडलेला दिवा आठवला.

"आता दार उघडून चार श्वास घे बाहेरचे. मग पेला घे. आणि मनाशी द्राक्ष शोध, घर शोधू नकोस."

मी बाहेर गेले. आत आले. पेला घेतला.

तिथेच होता. पेल्याच्या अगदी वरच्या वासात, मग घोटाच्या मागे, मग जिभेच्या मुळाशी. तीच कुपी. तो वास आधी नव्हता असं नाही. आधी तो मला वास वाटतच नव्हता. सोन्द्रियोच्या शाळेत वसतिगृहातल्या पोरी मला 'भाजलेलं डुक्कर' म्हणायच्या आणि मला कधी कळायचं नाही त्यांना काय झालंय. त्यांचं खरं होतं. मी आख्खी त्याच वासाची होते. द्राक्ष खरंच सापडत नव्हतं. क्रापेलचं ऊन, तो गडग्याचा तापलेला दगड, बाबा म्हणायचे ती रानगुलाबाची झाक, सगळं धुराखाली गाडलं गेलं होतं. मी दोन वर्षं राबून स्वतःच्या मळ्याचं तोंड दाबून टाकलं होतं.

मी पेला खाली ठेवला. "तुम्ही फार वाईट माणूस आहात," मी म्हटलं.

"दातांचा डॉक्टर आहे," तो म्हणाला. "जेवणार ना?"

मी जेवले. कुट्टूच्या पट्ट्या, कोबी, बटाटे, वितळलेलं चीज, लसणीचं लोणी. तोंडात काहीच लागत नव्हतं. मी जेवत होते आणि मनात भांडत होते. गप्प बसायला काय हरकत होती? निकाल लागला होता. गडगे मिळाले होते. मिलानोतल्या लोकांना धूर लागला तर लागला. ते लोक तर वाईनला चामड्याचा, पावसाळी जंगलाचा, जुन्या चर्चचा वास येतो म्हणून मान डोलावतात. धुरालाही एखादं गोंडस नाव देतील. शपथेवर सांगते, मला ते करावंसं वाटत होतं.

पण लेबलवर माझं नाव नसतं. गावाचं असतं. एका परीक्षकाने जरी 'या गावाची वाईन धुरकट' असं लिहिलं, तर पुढची किती वर्षं प्रीमोची, सिल्वानोची, सगळ्यांची बाटली त्या वाक्याच्या खाली. ज्यांनी मला ब्याण्णव दिले त्यांचंच वाटोळं मी त्यांच्या हाताने करायचं?

"तुम्ही तिथे का नाही सांगितलंत, खोपीचं?" मी विचारलं.

"मला कुठे ठाऊक होतं? धूर माहीत होता, खोप आत्ता कळली. आणि मी तिथे तेच ओरडत होतो. तुम्ही सगळे हसत होतात."

नोएमी दारापर्यंत सोडायला आली. "एर्सिलिया, तू मागे घेतलीस तर आमची पहिली येते. गाव काय म्हणेल ते तुला कळतंय ना? त्याला इथे तीस वर्षं झाली, पण एका दिवसात तो पुन्हा परका होईल."

"मग मी काय करू?"

"मला विचारू नकोस. मी त्याची बायको आहे."

रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळे संस्थेच्या अंगणात असतात. मी बाकावर चढले. मला सभेत बोलता येत नाही, ओरडता येतं, तर ओरडूनच सांगितलं. खोप, काजळी, सगळं. "माझी वाईन मी मागे घेते. डॉक्टरचं नाक बरोबर होतं."

फेदेलेकाकांचा चेहरा तांबडा झाला. "म्हणजे आमची नाकं काय? गहाण टाकलेली?"

"तुमची नाकं माझ्यासारखीच, काका. धुरात वाढलेली."

"मी चाळीस वर्षं गुण देतोय!"

"आणि चाळीस वर्षं आपल्या हॅमला बक्षीस देताय," मागून डेल्फिना मावशी म्हणाली. हसू फुटलं, पण थोडंच. ती स्वतः हसत नव्हती. पंच्याण्णव तिचे होते. ती काठी टेकत माझ्याजवळ आली आणि विचारलं, "खरंच धूर होता तो?"

"खरंच, मावशी."

"मला वाटलं माझी आई आहे," ती म्हणाली आणि निघून गेली.

गाव दोन दिवस कुजबुजत होतं. डॉक्टरने एर्सिलियाला घरी नेऊन फितवलं. डॉक्टरने दाढेची भीती घातली. ओत्ताव्हियोचा झ्युरिकहून फोन आला, त्याच्यापर्यंत बातमी माझ्याआधी गेली होती. "हातात आलेला गडगा सोडलास? तू बाबांच्या वरताण आहेस," तो म्हणाला. मला वाटतं त्याला शिवी द्यायची होती, पण ती तशी लागली नाही.

गडग्याचं काम डॉक्टर-नोएमीच्या मळ्यावर लागलं. प्रत्येक घराचा एक माणूस, म्हणजे माझ्या घराची मीच. पहाटे कुदळ खांद्यावर टाकून मी खाली उतरत होते तेव्हा उजवीकडे माझा क्रापेल दिसत होता, पोट पुढे काढून उभा. मी तिकडे बघितलं नाही. दुसऱ्याच्या गडग्याचे दगड वाहायचे तर मान खाली घालूनच वाहावेत.

गडगा बांधताना मोठे दगड बाहेर बसवतात आणि त्यांच्या मागे बारीक खडी भरतात, पाणी झिरपून जायला. खडी भरणं हे हलकं काम, म्हाताऱ्यांचं. डॉक्टरची कंबर गेलेली, तो खडी भरत होता, आणि त्याच्याच मळ्यात त्याच्याजवळ कुणी उभं राहत नव्हतं. मी गेले आणि त्याच्या शेजारी बसून खडी भरायला लागले.

जेवणाला नोएमीने मोठ्या कढईत मक्याच्या पिठाची पोलेंता आणली, वर बितो चीज. वाईन मात्र नव्हती. ज्याचा मळा त्याने वाईन द्यायची असते, पण डॉक्टरची वाईन आता मिलानोच्या परीक्षेसाठी मोहरबंद झाली होती; तिला बोट लावायचं नव्हतं. सगळे कोरड्या घशाने कढईकडे बघत होते.

"पाणी?" सिल्वानो म्हणाला. "गडगा बांधून पाणी प्यायचं?"

"पिंपभर वाईन आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "कुठे पाठवायची नाहीये. चालत असेल तर आणते."

मी दोन कळशा भरून आणल्या.

पहिला पेला फेदेलेकाकांनी घेतला, अध्यक्ष म्हणून, तोंड वाकडं करून. मग दुसरा घेतला. तिसऱ्याला ते दगडावर बसले. "आता कळतोय," ते म्हणाले. "धूर आहे. स्पष्ट आहे. गाढवालाही कळेल." आणि पेला पुढे केला. "घाल अजून."

त्यानंतर कळशी कुणाच्या हातात थांबेना. प्रीमोने वास घेतला आणि म्हणाला, आमच्या खोपीत आजोबा झोपायचे, उबेला, आम्हाला चेस्टनट फोडून द्यायचे. सिल्वानो म्हणाला, तुला नाही, मला द्यायचे. वीस वर्षांत पहिल्यांदा दोघं भांडले. डेल्फिना मावशी काम करायला आली नव्हती, नुसती बघायला आली होती; तिने दोन पेले घेतले आणि डोळे पुसून मला म्हणाली, "माझे पंच्याण्णव तसेच ठेव. मिलानोला नको पाठवू, पण माझे गुण कमी करायचे नाहीत."

"डॉक्टर, तुम्ही?" कुणीतरी कळशी पुढे केली.

"मी पाणी पितो," डॉक्टर म्हणाला. "आवडतं ते तुम्ही प्या. मला माफ करा, मला हे दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं."

या वेळी सगळे हसले, आणि त्याच्याकडे बघून हसले. प्रीमोने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "परका तो परकाच! पण नाक आहे, बरं का. लेच्चेहून आणलेलं."

कळशी रिकामी झाल्यावर फेदेलेकाकांनी वर क्रापेलकडे बघितलं. मीही बघितलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच.

"ते पोट किती दिवस टिकेल?" त्यांनी विचारलं.

"पावसापर्यंत."

"रीत एका मळ्याची आहे," ते म्हणाले. "रीत मी मोडणार नाही. पण रविवारी माणूस काय करतो ते संस्थेला विचारायचं काम नाही. पिंपात किती उरलीय?"

"पुष्कळ."

"मग प्रार्थनेनंतर. मी येतो. या दोघांनाही आणतो, भांडत बसतील पण दगड उचलतील."

"मी दगड उचलणार नाही," मावशी म्हणाली. "मी बसून नावं ठेवीन."

त्या रविवारी ते आले. पुढच्याही. सगळे नाहीत, काहींना अजून वाटतं मी गावाची नाकं कापली, त्यांना वाटू दे. पण पहिल्या रविवारी सगळ्यांत आधी वर पोचलेला माणूस डॉक्टर होता. कमरेला पट्टा बांधून, एका हातात खडीची बादली. धापा टाकत होता. गडग्याचं पोट मी आदल्या दिवशीच सोडवून ठेवलं होतं, आणि उघड्या मातीत वेलींची मुळं लोंबत होती, केसांसारखी. त्याने ती एकेक उचलून आत सारली, इतक्या हलक्या हाताने की मला दाढेची आठवण झाली.

मी त्याच्या शेजारी बसले. आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही. बाबांनी आईचे कधी मानले नाहीत, आईने त्यांचे नाही, आणि त्यावरून कुणाचं काही अडलं असं आम्हाला वाटायचं. अडलं होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, चौघांच्या ब्याण्णव, चौऱ्याण्णवच्या भरवशावर मी मिलानोत गावाचं तोंड काळं करून आले असते. तुम्ही..."

"एर्सिलिया," तो म्हणाला, "तोंड मिट आणि तो चपटा दगड दे."

मी दिला. त्याने तो मुळांच्या खाली बसवला, अंगठ्याने दाबून बघितलं, हलत नाही ना, आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.